तीन अक्षरांमागचे हात

जुन्या पोथीच्या अभ्यासकापुढचा पहिला प्रश्न आणि जुन्या लष्करी रायफलीच्या अभ्यासकापुढचा पहिला प्रश्न एकच असतो : ही कोणाची? पोथीचा अभ्यासक पुष्पिका वाचतो, नाममुद्रा शोधतो, अक्षरवळण आणि कागद तपासतो. रायफलीचा अभ्यासक तिचा रिसिव्हर पाहतो. दोघेही एका खुणेपासून कर्त्यापर्यंत पोहोचू पाहतात, आणि दोघांनाही कधी ना कधी कळून चुकते की खूण ज्याची आहे तोच कर्ता असतो असे नाही. हा दुसरा मुद्दा एका विशिष्ट उदाहरणावरून तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उदाहरण जर्मन सैन्याच्या ‘काराबिनर ९८ के’ या रायफलीचे आहे, आणि तिच्या रिसिव्हरवर कोरलेली अक्षरे आहेत ‘बीसीडी’.

प्रथम रिसिव्हर म्हणजे काय ते पाहू. रायफलीची नळी, काडतूस आत ढकलणारा बोल्ट, चापाची यंत्रणा आणि लाकडी दस्ता हे सारे ज्या पोलादी भागाला येऊन मिळतात तो रिसिव्हर. त्याला रायफलीचा कणा म्हणता येईल. नळी झिजली की बदलतात, दस्ता मोडला की नवा बसवतात, बोल्ट दुसऱ्या रायफलीचा येऊ शकतो. रिसिव्हर सहसा टिकतो. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीनेही रिसिव्हर म्हणजेच बंदूक. बाकीचे सारे तिचे सुटे भाग. त्यामुळे कारखान्याची खूण, वर्ष आणि मुख्य क्रमांक यांना हीच जागा मिळणे स्वाभाविक होते.

माउझर पद्धतीची मूळ रायफल १८९८ सालची. तिची आखूड केलेली आवृत्ती जर्मन सैन्याने १९३५ मध्ये स्वीकारली आणि १९४५ पर्यंत अनेक कारखान्यांतून मिळून तिचे एक कोटीहून अधिक नग तयार झाले. एवढ्या संख्येत एकेका नगाची ओळख पटवण्याची पद्धत ठरून गेलेली आहे. नळी जिथे रिसिव्हरमध्ये बसते त्या गोल भागाच्या माथ्यावर कारखान्याची खूण असते आणि तिच्याखाली वर्ष : आरंभी चार आकडी, पुढे युद्धाच्या धांदलीत दोन आकडी. डाव्या बाजूस अनुक्रमांक आणि बहुधा त्याच्याखाली एक अक्षर असते, कारण कारखाना ठरावीक आकड्यापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरुवात करी आणि प्रत्येक फेरीला पुढचे अक्षर देई. उजव्या बाजूस तपासनिसांचे छोटे शिक्के असतात : पंख पसरलेला गरुड आणि त्याखाली एक संख्या. ही संख्या सैन्याच्या शस्त्रखात्याने त्या कारखान्यात नेमलेल्या तपासनीस कचेरीची असे. १३५ दिसली की ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखाना, ६३ दिसली की ब्रनो, ७४९ दिसली की वायमार, अशी सांगड अभ्यासकांनी बसवली आहे.

कुठल्याही एका खुणेवर विसंबू नये, हा येथला पहिला नियम. खूण, वर्ष, क्रमांकाचे अक्षर आणि तपासनिसाचा आकडा या चारही गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच निदान पक्के. न जुळल्यास काहीतरी घडून गेले आहे असे समजावे. सोव्हिएत सैन्याने युद्धात हस्तगत केलेल्या असंख्य रायफली पुढे शस्त्रागारांत सुट्या केल्या, स्वच्छ केल्या आणि हाताला येतील ते भाग एकत्र करून पुन्हा जोडल्या. त्यामुळे एकाच रायफलीत चार कारखान्यांचे भाग नांदताना आढळतात. युगोस्लाव्हियात तर मूळ जर्मन खुणा अनेकदा घासून काढल्या गेल्या आणि त्यांच्या जागी नव्या राज्याचे चिन्ह व आपल्या कारखान्याचे नाव कोरले गेले. त्याखेरीज संग्राहकांच्या बाजारासाठी बनवलेले खोटे शिक्केही आहेत. पृष्ठभाग किंचित खोलगट लागतो, अक्षरांची ठेवण त्या वर्षाशी विसंगत दिसते, आणि जाणकार थबकतो. खरवडून पुन्हा लिहिलेले पान ओळखणाऱ्याला ही सारी कामे परकी वाटू नयेत.

आता अक्षरांकडे वळू. कारखान्याने आपले नाव सरळ का लिहिले नाही? याचे उत्तर १९१९ च्या व्हर्सायच्या तहात आहे. तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर कडक मर्यादा घातल्या. ती चुकवून होणारे उत्पादन लपवणे भाग होते. आरंभी कारखान्यांना संख्या दिल्या गेल्या. ओबर्नडॉर्फचे माउझर ‘एस/४२’ झाले. १९३४ आणि १९३५ मध्ये वर्षही अक्षराआड दडवले गेले. ‘के’ म्हणजे १९३४ आणि ‘जी’ म्हणजे १९३५. मार्च १९३५ मध्ये हिटलरने पुनर्शस्त्रीकरण उघड जाहीर केल्यावर वर्ष लपवण्याचे प्रयोजन संपले, पण कारखान्याचे नाव झाकण्याची प्रथा उरली. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूला उत्पादनाची ठिकाणे आणि क्षमता कळू नये म्हणून संख्यांच्या जागी अक्षरे आली. ही अक्षरे नावाची आद्याक्षरे नव्हती. एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांना वेगळी अक्षरे मिळत : माउझरचा ओबर्नडॉर्फचा कारखाना ‘बीवायएफ’, तर बर्लिनमधला ‘एआर’. अक्षरांचा उलगडा करणाऱ्या याद्या शस्त्रखाते गोपनीय म्हणून छापत असे. युद्धानंतर त्या याद्या संशोधकांच्या हाती आल्या आणि कोडे सुटले. त्या याद्यांनुसार ‘बीसीडी’ म्हणजे गुस्टलोफ-वेर्के, वायमार.

बहुतेक शोध येथे थांबतात. यादीतले नाव मिळाले, नोंद पूर्ण झाली. परंतु गुस्टलोफ हे नाव स्वतःच एक खूण आहे, आणि तीही उलगडून पाहावी लागते.

विल्हेल्म गुस्टलोफ कधी शस्त्रनिर्माता नव्हता. तो स्वित्झर्लंडमधील नाझी संघटनेचा प्रमुख. फेब्रुवारी १९३६ मध्ये दावोस येथे डेव्हिड फ्रँकफुर्टर या ज्यू तरुणाने त्याला गोळ्या घालून ठार केले, आणि नाझी राजवटीने त्याला हुतात्मा ठरवले. त्याच वर्षी त्याच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्या प्रतिष्ठानाच्या पदरी घातलेली पहिली मोठी मालमत्ता म्हणजे थुरिंगिया प्रांतातील सूल या गावचा एक शस्त्रकारखाना. १८५६ मध्ये लोब आणि मोझेस सिमसन या ज्यू भावांनी उभारलेल्या व्यवसायातून तो वाढला होता. व्हर्सायच्या मर्यादांच्या काळात, १९२५ पासून, जर्मन सैन्याला हलकी शस्त्रे पुरवण्याचा मक्ता याच सिमसन कंपनीकडे होता. नाझींना हे सलत होते. १९३५ मध्ये कुटुंबातील आर्थर सिमसन यांना अटक झाली, कंपनीवरचा हक्क सोडणे त्यांना भाग पाडले गेले आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. कारखान्याचे नाव ‘बर्लिन-सूलर’ असे बदलले. १९३७-३८ च्या सुमाराच्या रिसिव्हरांवर ‘बीएसडब्ल्यू’ ही जी आद्याक्षरे आढळतात ती याच नव्या नावाची.

म्हणजे खुणांची एक मालिकाच डोळ्यांपुढे येते. आधी सिमसन हे नाव. मग लुटीनंतरचे ‘बीएसडब्ल्यू’. मग गुस्टलोफ उद्योगसमूहाच्या वायमार कारखान्याचा आकडा ‘३३७’. आणि शेवटी ‘बीसीडी’. प्रत्येक नव्या खुणेने आधीचे नाव आणखी एक पदर खाली ढकलले. शत्रूपासून माहिती लपवावी म्हणून सुरू झालेली पद्धत घरातल्या चोरीवरही पांघरूण घालीत होती. या साखळीचा शेवट विलक्षण आहे. युद्धानंतर पूर्व जर्मनीत सूलच्या कारखान्यातून निघणाऱ्या मोपेडींवर ‘सिमसन’ हे नाव परत आले आणि त्या मोपेडी जर्मनीच्या रस्त्यांवर आजही दिसतात. कुटुंबाकडून कारखाना गेला तो गेलाच. नाव तेवढे माल विकण्यासाठी उपयोगी पडले.

आता वायमारकडे जाऊ, कारण ‘बीसीडी’ तेथली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला वायमार वेगळ्याच कारणाने ठाऊक असते : गटे आणि शिलर यांचे गाव, जर्मन अभिजात वाङ्मयाचे तीर्थक्षेत्र. गुस्टलोफ प्रतिष्ठानाचा प्रमुख फ्रित्झ साउकेल हा थुरिंगियाचा नाझी प्रांतप्रमुख, आणि वायमारच्या कारखान्याला त्याचेच नाव दिले होते. मार्च १९४२ मध्ये हिटलरने याच साउकेलला साऱ्या व्याप्त युरोपातून मजूर गोळा करण्याचे सर्वाधिकार दिले. त्याच्या यंत्रणेने लाखो माणसे जर्मन कारखान्यांत आणि शेतांवर आणली. त्यांतील बहुसंख्य स्वखुशीने आलेली नव्हती, ही कबुली त्याने १९४४ मध्ये स्वतःच एका बैठकीत दिली. मजूर पुरवणारा आणि मजूर वापरणाऱ्या कारखान्याचा प्रमुख हा एकच माणूस होता.

वायमारच्या वायव्येस काही किलोमीटरवर एटर्सबेर्ग नावाची टेकडी आहे. गटे तेथे फिरायला जात असे. जुलै १९३७ मध्ये तेथे छळछावणी उभी राहिली आणि तिला आरंभी टेकडीचेच नाव मिळाले. त्यावर वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळाने हरकत घेतली. हरकत छावणीला नव्हती. गटेच्या आठवणीशी जोडलेले नाव तिला देण्याला होती. म्हणून नवे नाव बनवण्यात आले : बूखेनवाल्ड, म्हणजे बीच वृक्षांचे वन. १९३७ ते १९४५ या काळात तेथे सुमारे २,८०,००० माणसे डांबली गेली आणि सुमारे ५६,००० मरण पावली. १९४२ मध्ये छावणीला लागून गुस्टलोफच्या दुसऱ्या कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि १९४३ मध्ये तो चालू झाला. वायमारपासून तेथपर्यंतचा लोहमार्गही कैद्यांकडूनच बांधून घेण्यात आला. या कारखान्यात कैदी रायफलींचे काम करीत. वायमार शहरातील मूळ कारखान्यातही १९४२ पासून छावणीचे कैदी कामाला जुंपलेले होते.

या ठिकाणी ओळख पटवण्याच्या पद्धतीची कसोटी लागते. ‘बीसीडी ४३’ किंवा ‘बीसीडी ४४’ असा रिसिव्हर समोर असेल, तर त्यावरून तो पगारी जर्मन कामगाराने घडवला, पकडून आणलेल्या परदेशी मजुराने घडवला की पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेल्या कैद्याने, हे ठरवता येत नाही. तीन अक्षरे सर्वांना एकच. तपासनिसाचा गरुडही काही सांगत नाही. पोलादाची कठीणता आणि मापांचा नेमकेपणा तो पाहतो, हात पाहत नाही. तरीही वर्ष निरुपयोगी नाही. १९४१ चा रिसिव्हर छावणीलगतच्या कारखान्यातला असूच शकत नाही. १९४३ पासूनचा मात्र असू शकतो, आणि नोंद करणाऱ्याने ती शक्यता लिहिली पाहिजे. काही रिसिव्हरांवर ‘बीसीडी’ आणि ‘एआर’ ही दोन्ही चिन्हे तिरप्या रेघेने जोडलेली आढळतात. दोन कारखान्यांची कामे एका वस्तूत एकत्र आल्याची ती कबुली आहे. व्यवस्थेला दुसऱ्या कारखान्याची नोंद आवश्यक वाटली. दुसऱ्या प्रकारच्या माणसांची वाटली नाही.

मराठी वाचकाला हा भेद परिचित असावा. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का असतो आणि अखेरीस मोर्तब. त्यांवरून पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते कळते. मजकूर कोणाच्या हातचा, ते चिटणिसाच्या अक्षरावरून शोधावे लागते. संतवाङ्मयात उलटी अडचण येते. ‘नामा’ ही मुद्रा असलेले सर्व अभंग एकाच नामदेवाचे नाहीत. विष्णुदास नामा वेगळा काढताना संशोधकांना बरेच परिश्रम पडले. तुकोबांच्या धाकट्या भावाने तर ‘तुकयाबंधु’ अशी मुद्रा घेऊन आपले वेगळेपण आणि नाते दोन्ही राखले. या सर्व उदाहरणांत मुद्रा ही अधिकाराची, परंपरेची किंवा भक्तीची खूण असते. एक गोष्ट मात्र त्यांत समान आहे : ज्याने मुद्रा घेतली त्याने ती आपणहून घेतली. बूखेनवाल्डच्या कैद्याला कारखान्याची मुद्रा घेण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचे स्वतःचे नावही छावणीने काढून घेतले होते, आणि कपड्यांवर क्रमांक शिवला होता. रिसिव्हरला क्रमांक होता, घडवणाऱ्यालाही क्रमांक होता. पण पहिल्या क्रमांकाची वही दुसऱ्याशी जोडलेली नव्हती.

‘हे कोणी घडवले’ या प्रश्नाला बूखेनवाल्डच्या परिसरात आणखी दोन उत्तरे मिळतात. दोन्ही साहित्याशी आणि कलेशी निगडित आहेत, म्हणून सांगतो.

युद्धकाळात हवाई हल्ल्यांची भीती वाढली तेव्हा वायमारमधील शिलरच्या घरातील मूळ सामान सुरक्षित ठिकाणी हलवायचे ठरले. घर रिकामे दिसू नये म्हणून प्रतिकृती हव्या होत्या. त्या बूखेनवाल्डच्या सुतारशाळेत कैद्यांनी तयार केल्या. शिलरचे लिहिण्याचे मेजही त्यांत होते. स्वातंत्र्याचा कवी म्हणून ज्याची पूजा होत होती त्याच्या घरात लोक ज्या मेजापुढे उभे राहत, ते कैद्यांनी बनवलेले होते. त्या मेजाचा कर्ता कोण? शिलरचे नाव तर त्याला लागलेच होते.

दुसरे उत्तर छावणीच्या लोखंडी दारावर आहे. ‘प्रत्येकाला ज्याचे त्याचे’ हे रोमन न्यायतत्त्वाचे वचन तेथे अक्षरांत कापून बसवले आहे, आणि ते आतून, म्हणजे कैद्यांना, वाचता येईल अशा रीतीने लावले आहे. ती अक्षरे रेखाटण्याचे काम फ्रांझ एर्लिश या कैद्याला दिले होते. तो कम्युनिस्ट होता आणि बाउहाउस कलाशाळेचा विद्यार्थी होता. ही शाळा १९१९ मध्ये वायमारलाच सुरू झाली होती आणि नाझींनी तिची कला विकृत ठरवली होती. एर्लिशने ती अक्षरे बाउहाउसच्या वळणात रेखाटली, आणि पहारेकऱ्यांच्या ते लक्षातही आले नाही. मजकूर जुलमाचा, वळण मात्र जुलमाने बंदी घातलेल्या शाळेचे. येथे घडवणाऱ्याने नाव न लिहिता आपली खूण सोडली. ती वाचायला अक्षरवळणाचा अभ्यासक लागला. पोथीच्या अभ्यासकाला हस्ताक्षराचे महत्त्व का वाटते, ते या दारापाशी समजते.

रिसिव्हरमध्ये अशी सोय नव्हती. यंत्रावर कापलेल्या पोलादाला वळण नसते. प्रत्येक नग आधीच्यासारखाच निघावा हीच तर त्याची अट. तरीही कैद्यांनी काहीच केले नाही असे नाही. काम मंद करणे, भाग सदोष राहू देणे आणि सुटे भाग लपवून बाहेर नेणे असे प्रयत्न छावणीतील प्रतिकारगटाने केले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य जवळ आले तेव्हा कैद्यांपाशी लपवून ठेवलेल्या रायफली होत्या. सदोष राहू दिलेला भाग हीच कदाचित त्या कारखान्यातील हातांची सर्वांत खरी स्वाक्षरी. पण तपासनीस तो बाद करीत असे, आणि जे बाद झाले ते संग्रहालयात पोहोचत नाही. जे रिसिव्हर आज आपल्यापुढे आहेत ते तपासणीतून पार पडलेले आहेत.

२४ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी हा कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त केला. जवळजवळ चारशे कैदीही त्यात मरण पावले. त्याच दिवशी छावणीच्या आवारातील एक जुना ओक वृक्ष पेटला. ‘गटेचा ओक’ म्हणून तो कैद्यांत प्रसिद्ध होता. टेकडीवरचे रान तोडताना तो राखून ठेवला होता. योझेफ रोट याने पॅरिसमधील निर्वासित जीवनात, मे १९३९ मध्ये, निधनापूर्वी थोडेच दिवस, या झाडावर लिहिले होते. जळलेल्या झाडाच्या लाकडाचा एक तुकडा ब्रूनो आपित्झ या कैद्याने मिळवला आणि चोरून एक मृत चेहरा कोरला. हाच आपित्झ पुढे, १९५८ मध्ये, बूखेनवाल्डवरील कादंबरीचा लेखक म्हणून प्रसिद्ध झाला. गटे खरोखर त्याच झाडाखाली बसला होता का, याला पुरावा नाही. ती श्रद्धेने लावलेली मुद्रा आहे. चेहरा कोणी कोरला याला पुरावा आहे, कारण कोरणारा जगला आणि त्याने सांगितले.

जगून सांगणे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच प्रश्न संग्राहकाच्या कुतूहलापुरता राहत नाही. साउकेलवर न्यूरेंबर्ग येथे खटला चालला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. त्याने आणलेल्या माणसांना मात्र फार वाट पाहावी लागली. जर्मन सरकार आणि उद्योग यांनी मिळून ‘स्मरण, जबाबदारी आणि भविष्य’ हे प्रतिष्ठान २००० मध्ये स्थापन केले आणि २००७ पर्यंत १६ लाखांहून अधिक माजी वेठमजुरांना एकूण सुमारे ४.४ अब्ज युरो दिले. तोवर साठ वर्षे उलटत आली होती आणि बरेच जण हयात नव्हते. अशा दाव्यांत आपण कोठे राबलो याचा पुरावा माणसाला हवा असतो. त्याने घडवलेल्या वस्तूवर तो नसतो. तो कागदांत असतो : जर्मनीतील आरोल्सन येथील अभिलेखागारात सुमारे १ कोटी ७५ लाख व्यक्तींविषयीची कागदपत्रे आहेत आणि त्यांत छावण्यांची नोंदपत्रकेही आहेत. नाव, जन्मगाव, व्यवसाय, क्रमांक, आणि कित्येकदा कामाची तुकडी. एका बाजूला शस्त्रखात्याची गोपनीय यादी, दुसऱ्या बाजूला ही पत्रके. रिसिव्हर पुरता वाचायचा असेल तर दोन्ही शेजारी ठेवावी लागतात.

‘बीसीडी’ ही एकटी नाही. ‘बीएनझेड’ म्हणजे ऑस्ट्रियातील श्टायर. या कंपनीने माउटहाउझेन छावणीच्या गुझेन या शाखेतील कैद्यांकडून रायफलींचे भाग बनवून घेतले. तेथेही अक्षरे कंपनीचीच.

युद्ध संपल्यावर या रायफली जगभर पांगल्या. नॉर्वेच्या सैन्याने त्या वापरात घेतल्या आणि आपली चिन्हे कोरली. १९४८ मध्ये नव्या इस्रायलला चेकोस्लोव्हाकियाकडून माउझर रायफली मिळाल्या. त्या सैन्याच्या माउझरांत जर्मन खुणा असलेल्याही होत्या. काहींवर पुढे षट्कोनी तारा उमटवला गेला, आणि १९५० च्या दशकात त्या नव्या काडतुसासाठी बदलण्यात आल्या. एकाच पोलादी भागावर गरुड, तीन अक्षरे आणि तारा. ज्यांच्यासारख्यांना मारायला ती घडवली गेली, त्यांच्याच हाती ती आली. त्या रिसिव्हरला अनेक धनी मिळाले, अनेक शिक्के मिळाले. घडवणाऱ्याची जागा तेवढी कोरी राहिली.

मग संग्रहालयातील नोंदीत काय लिहावे? ‘निर्माता : गुस्टलोफ-वेर्के, वायमार’ एवढे लिहिणे चूक नाही, पण ते शस्त्रखात्याच्या यादीचे भाषांतर आहे. नोंद अशी असावी : ‘खूण बीसीडी, वर्ष १९४३, गुस्टलोफ-वेर्के, वायमार, सिमसन कुटुंबाकडून हिरावलेल्या मालमत्तेवर उभ्या राहिलेल्या नाझी प्रतिष्ठानाचा उद्योग, या काळात बूखेनवाल्ड छावणीचे कैदी व परदेशी वेठमजूर कामास लावलेले.’ यात एकही शब्द तर्काचा नाही. कर्ता ठरवण्याची आपली पद्धत जिथे नाव मिळताच समाधान पावते, तिथे ती मालकाची भाषा बोलू लागते, मग वस्तू रायफल असो की ग्रंथ. नोंदीत थोडी जागा अधिक लागेल. ती द्यायला हरकत नसावी.